मॅक्रोसाठी घरगुती सेटअप: फ्लॅशचा की एलईडीचा?

मॅक्रो, म्हणजे अगदी लहान गोष्टींचे जवळून फोटो, सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी लेन्सच्या चौकशीला लागतात. आमचं म्हणणं असं की आधी तुमचा विषय हलतो की नाही ते ठरवा. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गवताच्या पात्यावर बसलेला कोळी आणि खिडकीच्या कठड्यावर मरून पडलेला भुंगा आकाराने सारखे असतील, पण दोघांना लागणारा प्रकाश अगदी वेगळा. हलणाऱ्याला फ्लॅश, न हलणाऱ्याला एलईडी. एवढं ठरलं की लेन्स कुठली आणि पैसे कुठे घालायचे हे त्यातूनच निघतं.

कारण साधं आहे. फोटो 1:1 मापाचा, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा, घेताना लेन्समधलं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ/11 ला लावलं तरी सेन्सरवर प्रकाश पोचतो तो एफ/22 इतकाच. अ‍ॅपर्चरच्या आकड्याला मॅग्निफिकेशन अधिक एकने गुणायचं. 2:1 ला, म्हणजे दुप्पट आकाराला, एफ/8 चं एफ/24 होतं. हातात कॅमेरा धरून, वाऱ्यावर हलणारं पातं टिपायचं तर 1/250 सेकंदाच्या आसपास शटर हवं. घरी बनवलेल्या 15 वॅटच्या एलईडीवर हे जमवायला गेलात तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 3200 च्या पुढे न्यावा लागतो आणि किड्याच्या अंगावरची लव नॉइजच्या ठिपक्यांमध्ये बुडते. फ्लॅश कमी पॉवरवर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या 1/8 किंवा त्याखाली, सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पेटतो. हात हलला, पातं हललं, तरी चित्र गोठतं.

टेकडीसाठी: फ्लॅश आणि डिफ्यूजर

फ्लॅश साधा, मॅन्युअल पॉवरचा पुरतो. टीटीएलवर, म्हणजे कॅमेराच पॉवर ठरवतो त्या सोयीवर, जास्तीचे पैसे घालू नका. खरी मेहनत डिफ्यूजरवर, म्हणजे प्रकाश पसरवून मऊ करणाऱ्या पडद्यावर, करायची. लागतं ते असं: 3 मिलिमीटर सनबोर्डचा (कडक फोमच्या शीटचा) ए-4 तुकडा, टीव्ही-मिक्सरच्या खोक्यात येते तसली 2 मिलिमीटरची पांढरी फोमशीट, एक ट्रेसिंग पेपर, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, डबल टेप. सनबोर्ड आणि ट्रेसिंग पेपर अप्पा बळवंत चौकात मिळतो, फोमशीट पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे बोहरी आळीत.

सनबोर्डची पुढे रुंद होत जाणारी नळी करा, आतून फॉइल चिकटवा आणि अरुंद तोंड फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसवा. रुंद तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणून लावा. त्याच्यापुढे 3 ते 4 सेंटिमीटर मोकळी जागा सोडून फोमशीटचा दुसरा थर द्या, तो लेन्सच्या टोकावर थोडा वाकून येईल असा. दोन थरांमधली ही जागाच काम करते. दोन्ही थर एकमेकांना चिकटवले तर प्रकाश फक्त कमी होतो, पसरत नाही. थर्माकोल मात्र इथे वापरू नका. तो प्रकाश अडवतो. खालून उजेड परतवायला ठीक आहे.

डिफ्यूजर जमला की नाही हे ओळखायला किडा शोधत बसायला नको. सायकलच्या बेअरिंगमधला एक छर्रा काळ्या कागदावर ठेवून फोटो काढा. छर्ऱ्यात डिफ्यूजरचं जे प्रतिबिंब दिसेल, तेच उद्या कोळ्याच्या डोळ्यात आणि भुंग्याच्या पाठीवर दिसणार आहे. मधोमध जळका पांढरा ठिपका असेल तर ट्रेसिंग पेपरच्या आतल्या बाजूला मध्यभागी 3 सेंटिमीटरचा आणखी एक तुकडा चिकटवा आणि पुन्हा फोटो काढा. कडा मऊ आणि मधला भाग एकसारखा होईपर्यंत हेच करायचं. महागड्या लेन्सने या ठिपक्यात काडीचा फरक पडत नाही.

सुरुवातीचं सेटिंग: 1/200, एफ/11, आयएसओ 200, फ्लॅश 1/8 वर. सारखा 1/4 च्या वर जावं लागत असेल तर डिफ्यूजर किड्यापासून लांब आहे. पॉवर वाढवण्याआधी तो जवळ आणा. या सेटअपची नेहमीची तक्रार म्हणजे मागची बाजू काळीकुट्ट येते. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो, म्हणून मागची झाडी फ्लॅशच्या टप्प्यात राहतच नाही. किड्याच्या मागे 5-10 सेंटिमीटरवर एखादं पान येईल असा कोन घ्या. उलट, भर दुपारच्या उन्हात कडेला धूसर दुसरी प्रतिमा दिसते, कारण 1/200 मध्येही ऊन नोंदवलं जातं. तेव्हा किड्यावर स्वतःची सावली पाडा.

पुण्यात टेकड्यांवर किडे भरभरून असतात ते जून ते सप्टेंबर, आणि तेव्हाच वारा आणि भुरभुर. ट्रेसिंग पेपर भिजला की सुरकुततो. पावसाळ्यासाठी दोन्ही थर फोमशीटचेच करा, पॉवर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त लागेल एवढंच.

टेबलासाठी: एलईडी आणि स्टॅकिंग

इथे विषय जागचा हलत नाही: किड्याची टाकलेली कात, बिया, पराग, नाणं, घड्याळाचं यंत्र. शटर 1/10 वर आलं तरी बिघडत नाही. मुद्दा असतो तो फोकसच्या खोलीचा. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर 2:1 ला एफ/5.6 ठेवलं तर धारदार भाग मिळतो जेमतेम 0.17 मिलिमीटर. म्हणून 0.1 मिलिमीटरच्या पावलाने पुढे सरकत अनेक फोटो घ्यायचे आणि नंतर जोडायचे, हेच स्टॅकिंग. 4 मिलिमीटर खोलीच्या किड्याला 40 फोटो झाले. अ‍ॅपर्चर बंद करून खोली वाढवायला जाऊ नका, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ होतं.

तपकीर गल्लीत 12 व्होल्टची, मीटरला 60 दिव्यांची 5050 प्रकारची एलईडी पट्टी मिळते. ती मीटरला साधारण 14.4 वॅट घेते, म्हणजे 1.2 अँपिअर, 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर घ्या. खुणेवर कापून 25 सेंटिमीटरचे चार तुकडे करा, समांतर जोडा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवा. प्लॅस्टिकवर चिकटवली तर उष्णतेने गोंद सुटतो. विषयाभोवती ट्रेसिंग पेपरचा 8 सेंटिमीटर व्यासाचा नळा उभा करून दिवे त्याच्या बाहेर ठेवा. पट्टी घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 च्या वरची मागा, नाहीतर लाल आणि तपकिरी रंग मेल्यासारखे येतात. स्वस्त डिमर तर लावूच नका. तो दिवा वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतो आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात. उजेड कमी करायचा तर दिवे मागे सरकवा.

ही पावलं मोजून घ्यायला लागणारं सरकतं रेल घरी बनवता येतं. ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनेल घ्या आणि त्याला 6 मिलिमीटरचा आटेवाला रॉड लावा. त्याचे आटे 1 मिलिमीटरचे असतात. एक पूर्ण फेरा म्हणजे 1 मिलिमीटर. रॉडच्या टोकाला दहा भाग आखलेली पुठ्ठ्याची चकती बसवली की एक खूण म्हणजे 0.1 मिलिमीटर. चॅनेलला आडवा खेळ असतो, म्हणून एका बाजूने रबर बँडने ताण द्या आणि फेरे नेहमी एकाच दिशेने फिरवा. कॅमेऱ्याऐवजी विषयच या रेलवर ठेवा. वजन नसल्याने हे गावठी रेलसुद्धा नीट चालतं.

बिघडतं ते कंपनाने. पंखा बंद, 2 सेकंदांचा टायमर, शक्य असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर. पेठेतल्या लाकडी जमिनीच्या वाड्यात किंवा बसच्या रस्त्यावरच्या वरच्या मजल्यावर हेही पुरत नाही. तिथे टेबलावरसुद्धा फ्लॅश वापरा, दोन फोटोंमध्ये तो पूर्ण चार्ज होईपर्यंत थांबून. नाहीतर फोटोगणिक उजेड बदलतो. फोटोंच्या जोडणीची सॉफ्टवेअर: हेलिकॉन फोकस आणि झिरीन स्टॅकर विकत मिळतात, हगिन आणि एनफ्यूज फुकट.

मोबाइलवर क्लिप लेन्स लावून करणार असाल तर एलईडीच घ्या, कारण बाहेरचा फ्लॅश सहसा मोबाइलशी जुळत नाही.

लेन्सचं काय?

55-250 किंवा 70-300 झूम लेन्स हाताशी असेल तर तिच्या तोंडावर लावायची रेनॉक्स डीसीआर-250 ही क्लोज-अप लेन्स घ्या. ती 125 मिलिमीटर फोकल लेन्थची आहे, त्यामुळे 250 वर 2:1 मिळतं आणि किड्यापर्यंत साधारण 10 सेंटिमीटर अंतर राहतं. टेकडीसाठी आम्ही हिलाच पहिली पसंती देऊ. 18-55 च्या 55 वर मात्र ती 0.44 च देते, तिथे पैसे वाया.

50 मिलिमीटरची लेन्स असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायच्या पोकळ नळ्या: 12, 20 आणि 36 मिळून 68 मिलिमीटर, म्हणजे 1:1 च्या पुढे. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट असलेल्याच घ्या, नाहीतर कॅननवर अ‍ॅपर्चर बदलता येत नाही.

फक्त 18-55 असेल तर लेन्स उलटी लावायची काही शे रुपयांची रिव्हर्स रिंग. 18 वर मॅग्निफिकेशन भरपूर मिळतं, पण अंतर जेमतेम 5 सेंटिमीटर; उडणारा किडा तेवढा जवळ येऊ देत नाही. टेबलावर चालून जातं. कॅननवर एफ/5.6 लावून, डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरून लेन्स काढा, अ‍ॅपर्चर तसंच राहतं. निकॉनच्या अ‍ॅपर्चर रिंग नसलेल्या लेन्सचं अ‍ॅपर्चर लेन्स काढल्यावर बारीकात बारीक होतं. मागच्या खटक्यात पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून हवं तेवढं उघडं ठेवा.

दोन्हींतलं एकच आत्ता घ्यायचं असेल तर फ्लॅश आणि डिफ्यूजर घ्या, कारण तो टेबलावरही चालतो. एलईडी टेकडीवर चालत नाही. अपवाद डिसेंबर-जानेवारीतल्या थंड पहाटेचा. तेव्हा दवाने भिजलेले चतुर आणि फुलपाखरं ऊन लागेपर्यंत हलत नाहीत आणि वारा पडलेला असेल तर ट्रायपॉडवर, नुसत्या उजेडात स्टॅकिंग होतं.

पावसाळ्यात काहीही घेतलंत तरी लेन्स, ट्यूब आणि रेनॉक्स हवाबंद डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत ठेवा. जेल गुलाबी झालं की गरम करून पुन्हा निळं होऊ द्यायचं. बुरशी एकदा काचेच्या आत शिरली की ती पुसता येत नाही, लेन्स उघडावी लागते.