पांढरे हरीण टप्प्यात आल्यास: गोळी झाडावी की सोडून द्यावे?

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा बंदुकीचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो आणि त्या काळात दरवर्षी कोणा ना कोणा शिकाऱ्यासमोर पूर्ण पांढरे हरीण उभे राहते. भारतात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार सरसकट थांबवली आहे आणि तेथे रंगावरून निवड करण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र ज्या मराठी वाचकांनी अमेरिकेत शिकारीचा परवाना काढला आहे, किंवा ज्यांच्या शेतजमिनीवर शेजारी दरवर्षी परवानगी मागून शिकारीला येतात, त्यांना हा निर्णय कधी तरी घ्यावा लागतो. तोही काही सेकंदांत घ्यावा लागत असल्यामुळे त्याचा विचार हंगाम सुरू होण्यापूर्वीच झालेला बरा.

हा आढावा शिकार मुळात योग्य की अयोग्य या वादात शिरत नाही. ज्याने शिकार करायचे ठरवले आहे, त्याने पांढऱ्या हरणाला इतर हरणांसारखेच वागवावे की वगळावे, एवढ्याच प्रश्नाच्या दोन्ही बाजू येथे तपासल्या आहेत.

ओळख

‘पांढरे हरीण’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि पुढचा सगळा विचार त्या फरकावर उभा आहे. पहिले अल्बिनो हरीण. त्याच्या शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्यच तयार होत नाही, त्यामुळे अंग पांढरे, डोळे आणि नाक गुलाबी आणि खूरही फिकट असतात. त्याची दृष्टीही बहुधा अधू असते. दुसरे ल्यूसिस्टिक हरीण. त्याचे केस पांढरे असले तरी डोळे तपकिरी, नाक काळे आणि खूर गडद असतात आणि बाकी सगळ्या बाबतींत ते धडधाकट असू शकते. तिसरे कबरे हरीण, ज्याच्या तपकिरी अंगावर पांढरी ठिगळे असतात. कधी पोटावर हातभर पट्टा, तर कधी मान आणि पाठ सोडून सगळे अंग पांढरे.

अल्बिनो हरीण सुमारे ३०,००० मध्ये एक, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. कबरी हरणे त्यामानाने बरीच आढळतात. त्यांचे प्रमाण शेकडा एक-दोनच्या आत असल्याचे मानले जाते. कबऱ्या रंगाबरोबर काही वेळा शारीरिक दोषही येतात: आखूड पाय, बाक आलेला कणा, फुगीर नाक, आखूड खालचा जबडा. सगळ्याच कबऱ्या हरणांत हे दोष नसतात, पण असले तर दुर्बिणीतून ते दिसू शकतात आणि निर्णयासाठी ते रंगापेक्षा महत्त्वाचे आहेत.

कायदा

येथे तुलना लवकर संपते, कारण काही राज्यांत निवड शिकाऱ्याच्या हातात ठेवलेलीच नाही. इलिनॉयमध्ये पूर्ण पांढऱ्या हरणाला १९८३ पासून संरक्षण आहे. आयोवाचा कायदा प्रामुख्याने पांढऱ्या असलेल्या हरणाची शिकार करू देत नाही आणि टेनेसीमध्ये अल्बिनो हरणाला संरक्षण आहे. याउलट मिशिगनने असे संरक्षण २००८ मध्ये काढून टाकले, त्यामुळे तेथे वैध परवाना आणि टॅग (मारलेल्या हरणाला लावायची अधिकृत चिठ्ठी) असलेल्या शिकाऱ्याला पांढरे हरीण मारता येते.

विस्कॉन्सिनचा नियम जरा जवळून पाहण्यासारखा आहे. संपूर्ण अंग पांढरे असलेले हरीण तेथे मारता येत नाही, आणि केवळ डोके, डोक्याचा काही भाग किंवा मागच्या पायांच्या आतल्या बाजूच्या ग्रंथींवरचे केस रंगीत असले, तरीही ते हरीण पांढरेच धरले जाते. या ग्रंथींवर केसांचा झुपका असतो आणि तो मूत्राने व तेलकट स्रावाने माखून तपकिरी, कधी जवळजवळ काळा झालेला असतो. हरीण आडवे उभे असले तर हा डाग दुर्बिणीत चटकन दिसतो आणि तेवढ्यावरून ‘हे कबरे आहे’ असे ठरवून घोडा ओढणारा शिकारी कायदा मोडून बसतो. पाठीवर किंवा कुशीवर ठळक तपकिरी ठिगळ असेल, तर मात्र ते हरीण या नियमाबाहेर राहते.

आयोवासारख्या राज्यात तर शिकाऱ्याला मचाणावरून, झाडीच्या आडून, संधिप्रकाशात पांढऱ्या रंगाचे प्रमाण ठरवावे लागते. जेथे कायदा इतका बारीक आहे आणि शंका उरते, तेथे बंदूक खाली ठेवणे एवढाच मार्ग आहे.

आनुवंशिकतेचे दोन युक्तिवाद

जेथे कायदा मोकळीक देतो, तेथे दोन्ही पक्ष जीवशास्त्राचा आधार घेतात. मारावे म्हणणारे सांगतात की पांढरा रंग हा दोष आहे आणि तो कळपातून काढून टाकणे हे चांगल्या व्यवस्थापनाचे काम आहे. सोडावे म्हणणारे सांगतात की इतका दुर्मीळ वाण गोळीने संपून जाईल. माझ्या मते हे दोन्ही युक्तिवाद हिशेबात टिकत नाहीत, आणि हा हिशेब कोणालाही वहीच्या पानावर करता येतो.

अल्बिनो रंग सुप्त जनुकामुळे येतो, म्हणजे पाडस पांढरे होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही ते जनुक मिळावे लागते. सोपेपणासाठी असे एकच जनुक आणि ३०,००० हरणांत एक पांढरे, असे धरू. प्रत्येक हरणात जनुकाच्या दोन प्रती, म्हणून एकूण ६०,००० प्रती. हरणे रंग न पाहता जोडी जमवतात असे मानले, तर त्यांपैकी सुमारे ३४६ प्रती पांढऱ्या रंगाच्या निघतात. त्यातल्या फक्त दोन प्रती त्या एका पांढऱ्या हरणात असतात. उरलेल्या ३४४ प्रती तितक्याच तपकिरी हरणांत लपलेल्या असतात आणि ती हरणे बाहेरून इतरांपेक्षा तसूभरही वेगळी दिसत नाहीत. पांढरे हरीण मारल्याने कळपातील त्या जनुकाचा शंभरावा हिस्साही कमी होत नाही. ‘खराब रक्त काढून टाकले’ हे समाधान म्हणूनच पोकळ आहे.

आता दुसरी बाजू. पांढरा नर वाचला आणि त्याने दहा-वीस माद्यांबरोबर पाडसे निर्माण केली, तरी त्या माद्यांपैकी शेकडा सुमारे एकच सुप्त जनुकाची वाहक असणार. त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी पाडसे तपकिरीच होणार. मोकळ्या जंगलात पांढऱ्या हरणाला जीवदान दिल्याने पांढरा वाण वाढत नाही आणि त्याला मारल्याने तो संपतही नाही.

याला अपवाद छोट्या, बंदिस्त किंवा तुटलेल्या कळपांचा. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका लष्करी कोठाराभोवती १९४१ मध्ये कुंपण घातले गेले आणि सुमारे ३९ किलोमीटर लांबीच्या त्या कुंपणाच्या आत हरणांचा एक कळप अडकला. १९४९ मध्ये तेथे पांढरे हरीण दिसल्याची नोंद आहे. पुढे तेथील लष्करी अधिकाऱ्यांनी पांढऱ्या हरणांना अभय दिले, तपकिरी हरणांची शिकार चालू ठेवली आणि काही दशकांत पांढऱ्यांची संख्या सुमारे २०० पर्यंत गेली. ही हरणे ल्यूसिस्टिक आहेत, त्यांचे डोळे तपकिरी आहेत. तेथे पांढरा रंग वाढला तो कुंपण आणि एकतर्फी शिकार या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे. आपल्या जमिनीवर एखादे हरीण सोडून देणाऱ्याने तशी अपेक्षा ठेवू नये, आणि पांढऱ्यांचा कळप वाढावा म्हणून मुद्दाम तपकिरी हरणे टिपण्याचा उद्योग तर अजिबात करू नये. केवळ रंगासाठी प्राणी वाढवण्याची फळे भारताने पाहिली आहेत: १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या ‘मोहन’ या बछड्यापासून पिंजऱ्यातील पांढऱ्या वाघांची पैदास सुरू झाली आणि जवळच्या नात्यातील संकरातून तिरळे डोळे आणि इतर व्यंगे पिढ्यान्‌पिढ्या पसरली.

मांस, मान आणि शेजारी

मांसाच्या दृष्टीने दोन्ही हरणे सारखीच. पांढऱ्याच्या मांसाची चव वेगळी नसते आणि क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या रोगाचा धोका असलेल्या भागात दोन्हींचीही तपासणी करून घ्यावी लागते.

फरक पडतो तो गोळी झाडण्याच्या हेतूत. पेंढा भरून भिंतीवर लावलेले पांढरे हरीण हे तपकिरी नरापेक्षा अधिक लक्ष वेधून घेते आणि अनेकांना तेच हवे असते. या इच्छेला मी कमी लेखत नाही. मोठ्या शिंगांचा नर शोधत हिंडणारा शिकारीही दुर्मीळतेच्याच मागे असतो. पण मोठी शिंगे मिळवण्यासाठी वय झालेला, सावध झालेला नर गाठावा लागतो आणि त्यात शिकाऱ्याचे कसब लागते. पांढरे हरीण मात्र पानगळीनंतरच्या तपकिरी रानात लांबूनच उठून दिसते. ते टिपण्यात कसब कमी आणि योगायोग जास्त.

दुसऱ्या पारड्यात शेजारी आहेत. उत्तर विस्कॉन्सिनमधील बोल्डर जंक्शनच्या परिसरात पांढरी हरणे पाहण्यासाठी लोक येतात आणि ती हरणे गावाची ओळख बनली आहेत. अनेक ठिकाणी एखादे पांढरे हरीण तीन-चार वर्षे त्याच शिवारात दिसत राहते, शाळेची बस ते पाहण्यासाठी हळू होते, लोक त्याचे फोटो काढतात. ते मारले गेले की कायदा पाळलेला असूनही त्या शिकाऱ्याविषयी गावात कटुता उरते. हा रोष न्याय्य असतोच असे नाही. तरीही शिकारीची परंपरा शिकार न करणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या सहनशीलतेवर टिकून आहे, हे वास्तव शिकाऱ्याने विसरू नये.

अपशकुनाचा मुद्दा मी निर्णयात धरत नाही. आल्प्सच्या परिसरात पांढरा प्राणी मारणारा वर्षभरात मरतो अशी समजूत होती. आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांनी १९१३ मध्ये पांढरा शॅमॉय, म्हणजे रानबकऱ्यासारखा एक डोंगरी प्राणी, मारला आणि जून १९१४ मध्ये सारायेव्होत त्यांची हत्या झाली, म्हणून ती गोष्ट आजही सांगितली जाते. शिकारीत त्यांनी आयुष्यभर मारलेल्या प्राण्यांची संख्या प्रचंड होती, हे मात्र ती गोष्ट सांगताना कोणी सांगत नाही.

निवड कशी करावी

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे सुमारे ३ कोटी आहेत आणि अनेक भागांत ती रानातील कोवळी रोपे खाऊन जंगलाची वाढ रोखतात. त्यामुळे एका हरणाच्या जगण्या-मरण्याने जातीला धोका नाही, हे मारणाऱ्या पक्षाचे म्हणणे पूर्ण खरे आहे. मात्र त्याच आकड्याने सोडणाऱ्या पक्षाचेही काम होते: पांढरे सोडले तर शिकाऱ्याला तेवढेच मांस देणारे तपकिरी हरीण त्याच आठवड्यात मिळण्याची शक्यता चांगली असते, आणि गावाला मात्र दुसरे पांढरे हरीण कदाचित पुढच्या वीस वर्षांत मिळणार नाही. दोन बाजूंचे नुकसान सारखे नाही. म्हणून कायदा परवानगी देत असला तरी पूर्ण पांढरे, धडधाकट हरीण सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कबऱ्या हरणाबाबत मी तेवढा आग्रह धरणार नाही. ते इतके दुर्मीळ नसते, आणि स्वतःला एक प्रश्न विचारणे पुरेसे आहे: हेच हरीण तपकिरी असते, तर मी गोळी झाडली असती का? उत्तर ‘हो’ असेल आणि राज्याचा नियम आड येत नसेल, तर रंगामुळे थांबण्याचे कारण नाही. उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे ते लहान, पोरवयाचे असेल आणि केवळ ठिगळांमुळे हात घोड्याकडे जात असेल, तर थांबावे. कणा वाकलेला किंवा पाय इतके आखूड की बर्फात चालणे कठीण, असे कबरे हरीण दिसले तर ते टिपणे दयेचेच ठरते. जखमी किंवा आजारी हरीण पूर्ण पांढरे असेल आणि राज्यात त्याला संरक्षण असेल, तर स्वतः निर्णय न घेता वन्यजीव विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्याला फोन करावा.

ज्यांची जमीन आहे पण जे स्वतः शिकार करत नाहीत, त्यांच्यासाठी काम सोपे आहे, फक्त ते ऑक्टोबरमध्येच व्हायला हवे. शेजाऱ्याला परवानगी देताना तोंडी ‘बघा जरा’ म्हणून भागत नाही. परवानगीच्या कागदावर एक ओळ घालावी: पूर्ण पांढऱ्या हरणावर या जमिनीवरून गोळी झाडू नये, आणि कबरे हरीण मारायचे असल्यास त्या राज्याच्या चालू हंगामाच्या नियमपुस्तिकेतील व्याख्या आधी एकत्र बसून वाचावी.