वागळे इस्टेटच्या गाळ्यातला लेझर टॅग, तीनदा जाऊन आल्यावर

लेझर टॅग म्हणजे अंगात सेन्सरचं जॅकेट घालून एकमेकांना लेझरच्या गनने टिपायचा खेळ. जूनपासून तीन वेळा जाऊन आले म्हणून आता लिहितेय. पहिल्याच वेळी लिहिलं असतं तर फक्त राग लिहिला गेला असता. जागा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, जुन्या कारखान्याच्या गाळ्यात. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या काही त्यांनी सुधारल्यात आणि बाकीच्या करतो म्हणालेत. आमचा धंदा एक्झिबिशनचे स्टॉल बनवायचा, मागच्या वर्षी एका थीम पार्कच्या लेझर टॅगच्या पार्टिशनचं काम आमच्याकडे आलं होतं, तेव्हापासून अशा ठिकाणी गेलं की माझी नजर आधी भिंतींवरच जाते.

पहिल्यांदा गेलो तो शनिवार, धो धो पाऊस, बहिणीची दोन्ही मुलं घरात बसून वैतागलेली, मोठा तेरा वर्षांचा आणि धाकटी आठची. पंधरा मिनिटांचे माणशी ३५० रुपये, आणि वेटिंग पाऊण तास! आता हे वेटिंग गर्दीमुळे नाही हो, जॅकेटमुळे आहे. त्यांच्याकडे २० जॅकेट, म्हणजे २० जणांना नियम सांगा, जॅकेट चढवा, खेळवा, परत काढून पुसा, यात अर्धा तास जातो, तासाला ४० माणसं. जॅकेटचा दुसरा सेट घेतला तर आतला खेळ चालू असतानाच पुढची बॅच तयार होऊन उभी राहते आणि तासाला ६० जण सहज जातात. पार्कच्या कामात डिझायनरने आम्हाला पहिल्या दिवशी हेच गणित घातलं होतं, रांगेतल्या माणसाला दुसरीकडे जायला दहा राइड असतात, त्यामुळे नियम सांगायची खोली वेगळी, जॅकेटची वेगळी, आणि खेळून आलेले दुसऱ्याच दाराने बाहेर, म्हणजे येणारे आणि जाणारे एकमेकांवर आदळत नाहीत. इथे तिन्ही गोष्टी एकाच बारक्या खोलीत, घामेजलेली जॅकेट हातोहात पुढच्याच्या अंगावर. पुसतात मात्र दर वेळी, ते मी उभी राहून बघितलं.

डोळ्यांना काही होतं का, हे मला सोसायटीतल्या चार जणींनी विचारलं म्हणून सांगते. जी लाल रेघ दिसते ती दिसण्यापुरती, नेम लागला की नाही ते इन्फ्रारेडवर ठरतं, आपल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तोच प्रकार. लाल लेझर क्लास २ चा आहे, तसं गनवर लेबल आहे, म्हणजे १ मिलिवॅटच्या आत. तरी डोळ्यात मारायचं नाही असं तिथली मार्शल, म्हणजे खेळावर लक्ष ठेवणारी मुलगी, दोनदा बजावते आणि बरोबर करते. गनवर पुढे दुसरा हात ठेवल्याशिवाय फायर होत नाही, हे मला खूप आवडलं, दोन्ही हात गुंतले की पोरं आपोआप कमी पळतात. आणि घोडबंदरला टर्फवर दुपारी उघड्यावर खेळवतात ना, तिथे हिट लागत नाही म्हणून पोरं कुरकुरतात, त्यात गनची चूक नसते, उन्हातच एवढं इन्फ्रारेड असतं की सेन्सरला त्यातून सिग्नल वेगळा काढणं जड जातं. हा खेळ बंद अंधाऱ्या जागेतच रंगतो. १९८४ ला अमेरिकेत डॅलसला पहिलं सेंटर निघालं ते पण बंदिस्तच होतं, आणि त्याच्याही आधी तिकडचं सैन्य असलीच लेझरची सिस्टीम सरावाला वापरत होतं.

आता ज्यावरून मी चिडले ते. आत शिरल्यावर डाव्या हाताला एक कोपरा होता, तीन बाजूंनी भिंत, जायला यायला एकच वाट. कॉलेजची चार मुलं पहिल्याच मिनिटाला तिथे जाऊन बसली आणि समोरून जाईल त्याला टिपायला लागली. हिट लागला की आपली गन पाच सेकंद बंद पडते, परत चालू होते तोवर धाकटी तिथेच उभी, की परत हिट. सात वेळा लागोपाठ. जॅकेट तिला एवढं मोठं की पट्टा शेवटपर्यंत ओढूनही छातीचा सेन्सर पोटावर आलेला. बाहेर आली ती रडली नाही, नुसती गप्प बसून राहिली, मला ते जास्त लागलं. त्या मुलांना मी काही बोलले नाही, खेळात असं करणारच. चूक भिंतीची आहे. लेझर टॅगमध्ये प्रत्येक जागेला निदान दोन वाटा पाहिजेत म्हणजे कोणी दबा धरून बसला तर मागून येता येतं. स्टॉलचं पण तसंच, बाहेर पडायची वाट दिसत नसेल तर माणूस आत पाय ठेवत नाही.

दुसरं, खिडक्या. भिंतींना नेम धरायला चौकोनी भोकं पाडलीयत, सगळी एकाच उंचीवर, साडेचार फूट. आठ वर्षांच्या मुलीला त्यातून काय दिसणार? एक आड एक खिडकी तीन फुटांवर आणली असती तर खर्च काडीचा वाढला नसता.

बाकी काम चांगलं आहे, ते पण सांगायला हवं. गाळ्याची उंची वापरून वर एक मजला काढलाय, रॅम्पवर रबर मॅट आहे, कोपरे सगळे गोल मारलेत. एका खांबाला अॅक्रिलिकचा आरसा लावलाय, त्यावरून इन्फ्रारेड उलटतं, मोठ्या भाच्याने ते शोधून काढलं आणि कोपऱ्यापलीकडच्याला आरशात बघून हिट मारला, घरी येईपर्यंत तेच सांगत होता. यूव्ही ट्यूबखाली नारंगी पट्टे भारी दिसतात, पण पांढरं काही घालून जाऊ नका, कपड्याच्या पावडरीत चकाकीसाठी जे घालतात ते त्या उजेडात पेटल्यासारखं दिसतं. धाकटीचे शाळेचे पांढरे मोजे लांबून दोन दिव्यांसारखे चालताना दिसत होते.

धुराचं मशीन दुसऱ्या वेळी बंदच होतं. धुकं नसलं की लेझरची रेघ दिसत नाही, अर्धी मजा जाते. विचारलं तर म्हणाले, स्मोक डिटेक्टर वाजतो. मग मी म्हटलं, मशीन बंद ठेवलंत ते ठीक, डिटेक्टर बंद केला असतात तर मी मुलांना घेऊन परत गेले असते. यावर मी अजिबात ऐकून घेत नाही. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनच्या आगीत पंचवीसच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं होती, आणि अशा जागा म्हणजे सगळं प्लाय, फोम, रंग आणि अंधार. इथे बाहेर पडायला दोन दारं आहेत, पण पहिल्या वेळी दुसऱ्या दारासमोर खुर्च्या आणि खोकी रचलेली. तिथल्या तिथे सांगितलं, हलवली. तिसऱ्या वेळी मुद्दाम आधी तिकडेच गेले, मोकळं होतं. एका बटणावर सगळे दिवे लागतात का ते पण मार्शलला लावून दाखवायला सांगितलं, तिने लगेच लावले. तुम्ही पण विचारा, लाजायचं काय त्यात.

मालक तरुण आहेत, ऐकून घेतात. त्यांच्या बिलाच्या मागच्या बाजूला मी पेन्सिलने तो कोपरा काढून दाखवला, इथून दोन फूट रुंद कापा, आतल्या फ्रेमला धक्का लागणार नाही म्हटलं. ते म्हणाले, "ताई, कारपेंटरला दाखवतो." मला वाटलं बोलण्यापुरतं असेल. परवा तिसऱ्यांदा गेलो तर कापलेलं! कडेचं प्लाय अजून कच्चंच, रंग नाही लावलेला, हात फिरवून बघितला तर कुसं लागत होती, पॉलिश पेपर मारा म्हणून सांगून आलेय. खिडक्या तशाच आहेत, जॅकेट पण अजून २० च. धाकटीचं जॅकेट मार्शलने या वेळी मागून गाठ मारून वर घेतलं. ती त्या नव्या वाटेने दोघांच्या मागून गेली, स्कोअरच्या कागदावर तिच्या नावापुढे ११ हिट आहेत आणि तो कागद आता बहिणीच्या फ्रिजवर लावलाय.