सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल, हाय रिस्क बाळंतपणासाठी
ज्यांच्या घरी बीपीचा त्रास असलेली किंवा आधी बाळ गेलेली बाई पुन्हा गरोदर आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले. माझ्या धाकट्या जावेचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, वाढलेलं बीपी कोणी वेळेवर धरलंच नाही. यावेळी आशाताई तिला 9 तारखेच्या तपासणीला पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) घेऊन गेली (दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची फुकट तपासणी असते, चुकवू नका) आणि तिथल्या मॅडमने कार्डावर हाय रिस्क लिहून सरळ सेवाग्राम गाठा म्हटलं.

घरचे म्हणे तालुक्याला मोठ्या पाटीचा डॉक्टर आहे, तिथंच दाखवू. दाखवलंही, पण तिथं ना बाळांचं आयसीयू ना रक्तपेढी, ऐनवेळी आम्हालाच गाडी करून पळावं लागलं असतं. माझं तर स्पष्ट मत आहे, अशा केसमध्ये डॉक्टरचं नाव किती मोठं ते नंतर पाहा, आधी विचारा की रात्री-बेरात्री बायांचा डॉक्टर, भूल देणारा, रक्त अन् नवजात बाळांचं आयसीयू एकाच जागी मिळते का. सेवाग्रामला मिळते, 1969 पासून मेडिकल कॉलेजच आहे तिथं.

शेवटी सेवाग्रामलाच गेलो. तिथं तिसरा महिना संपल्या-संपल्याच बारक्या डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू केली (मनाने घेऊ नका हं कोणी), दर खेपेला बीपी, लघवीतलं प्रोटीन, पुढं डॉप्लर सोनोग्राफी (बाळाला रक्त नीट पोचते का ते पाहायची).

कापूस वेचणीच्या दिवसात गेलो तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमने जावेच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला तर खड्डा तसाच. "डोकं दुखते का ताई?" "दुखते जराक, पण कापसाच्या दिवसात कोणाचं नाही दुखत मॅडम." तशी मॅडम खुर्ची ओढून समोरच बसली अन् समजावून सांगितलं: डोकं ठणकलं, डोळ्यापुढं अंधारी आली, छातीखाली पोटात दुखलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर तारखेची वाट पाहायची नाही, निघून यायचं. मग सासूबाईंना जवळ बोलावून तेच सगळं परत सांगितलं, कारण आमच्या घरी निघायचं का नाही ते त्याच ठरवतात, हे त्या पोरीला बरोब्बर कळलं. मला ते फार आवडलं.

शेवटी लवकरच भरती करावं लागलं. बाळाच्या फुप्फुसासाठी इंजेक्शनं दिली, मग सिझर. पोरगी बारकी होती, काही दिवस आयसीयूत राहिली, नर्सताईंनी जावेला उघड्या छातीशी बाळ कसं धरायचं ते शिकवलं. आता दोघी घरी आहेत, चांगल्या आहेत.

जाल तर ओपीडीला सकाळी लवकर पोचा. जुने सगळे रिपोर्ट, माता-बाल कार्ड अन् रक्त द्यायला तयार असलेला घरचा एक माणूस सोबत न्या. अचानक त्रास झाला तर भाड्याची गाडी शोधत बसू नका, 108 लावा.