सांगलीतले साधे ॲक्रिलिक आणि आठ ग्रीक हॉप्लाइट

२८ मिमीच्या आठ प्लास्टिक हॉप्लाइटना (प्राचीन ग्रीक ढाल-भालेवाल्या पायदळाच्या छोट्या मूर्तींना) सांगलीत स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ॲक्रिलिकचा सेट पुरून उरतो. फक्त बाटलीतून थेट लावू नका. रंग घट्ट असतो, कोरिंथियन शिरस्त्राणाची डोळ्यांची फट बुजते. दोन भाग रंगाला एक भाग पाणी, पातळ दोन हात. पांढऱ्याला तीन लागतात, लिननच्या चिलखतावर ते जाणवतं. ब्रॉन्झ मात्र झकास: खाली काळा प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर), वर ब्रॉन्झ, मग पातळ तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाणीदार रंग. तो ढालीच्या काठाशी साचतो. ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घ्या. लॅम्डा (Λ हे ग्रीक अक्षर) काढायचा तर स्पार्टाच्याच ढालींवर, सरसकट नको. पावसाळ्यात स्प्रे वार्निश टाळा, दमट हवेत पांढरट थर धरतो. सेटमधला ब्रश टाकाऊ. शून्य नंबरचा वेगळा घ्या.