सांता फेहून एकच वस्तू आणायची असेल तर: पारंपरिक की आजची?

न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहराच्या मुख्य चौकात जुलैअखेरीस पारंपरिक कलावस्तूंचं स्पॅनिश मार्केट भरत आलं आहे. पहिलं भरलं १९२६ साली. पुढे १९८०च्या दशकात त्याच्या शेजारीच आजच्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश वारशाच्या, कलाकारांचा वेगळा बाजार सुरू झाला. मुलांकडे अमेरिकेत गेलेला माणूस तिथे पोचला की गोंधळतो. पैसे एकाच वस्तूपुरते असतात, मग ते कुठे खर्चायचे?

पारंपरिक बाजूचे नियम कडक आहेत. कलाकार न्यू मेक्सिकोचा किंवा दक्षिण कोलोरॅडोचा, हिस्पॅनिक वंशाचा लागतो, काम परीक्षकांनी पारखलेलं असावं लागतं आणि कलाप्रकार ठरलेले आहेत. फळीवर रंगवलेल्या संतचित्राला रेताब्लो म्हणतात. पाइनच्या फळीवर जिप्सम आणि सरसाचं अस्तर देतात, त्यावर माती-वनस्पतींचे रंग आणि शेवटी पिन्योन झाडाच्या राळेचा हात. कोरीव मूर्ती म्हणजे बुल्तो. तो बहुधा कॉटनवुड झाडाच्या मुळाचा असतो, म्हणून हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागतो. काळ्या लाकडी क्रूसावर गव्हाच्या काडाचे सोनेरी तुकडे बसवलेले दिसतील. त्याला तिथे ‘गरिबाचं सोनं’ म्हणतात.

मूर्तींमध्ये सान इसिद्रो नक्की बघा. हा शेतकऱ्यांचा संत. तो प्रार्थनेत उभा असतो आणि शेजारी बैलजोडी धरून देवदूत नांगर चालवतो. जनाबाईबरोबर दळू लागणारा विठ्ठल ज्याच्या घरात आहे, त्याला ही मूर्ती समजावून सांगावी लागत नाही.

आजच्या बाजूला साहित्याचं बंधन नाही. तैलचित्रं, दागिने, छायाचित्रं, धातूची शिल्पं, सगळं असतं. पण ‘आजचं’ म्हणजे मुळाशी नातं तोडलेलं, असं समजू नका. शिल्पकार लुईस तापिया हे सांता फेचेच. त्यांनी मूर्तिकाराच्या त्याच छिन्नीने मोटारीचे डॅशबोर्ड कोरले, त्यांवर देव मांडले आणि भडक रंग दिले. उत्तर न्यू मेक्सिकोत जुन्या मोटारी सजवून जमिनीलगत चालवायची हौस मोठी आहे. ती त्या लाकडात उतरली.

उलट ‘पारंपरिक’ म्हणजे चारशे वर्षं जसंच्या तसं, हाही गैरसमज आहे. कोर्दोव्हा गावची न रंगवलेली मूर्ती आज परंपरा मानली जाते. पण तिथले कोरीवकाम करणारे होसे दोलोरेस लोपेस आधी भडक रंगाचं सामान बनवत. १९२०च्या दशकात बाहेरून आलेल्या रसिक गिऱ्हाइकांना नुसतं कोरीव लाकूड आवडलं, तेव्हा त्यांनी रंग सोडला. चिमायो गावच्या विणकामाचंही तेच. दोन्ही टोकांना पट्टे आणि मधोमध एक मोठी नक्षी ही मांडणी रेल्वे आल्यानंतर प्रवाशांच्या मागणीतून रुळली. म्हणून शुद्ध-अशुद्धाचा वाद मला पटत नाही. हात कुणाचा आणि काम किती मुरलेलं, एवढंच मी पाहते.

माझं मत विचाराल तर पहिली वस्तू विणलेली घ्या. संतचित्र घरात कुठे लावायचं हा प्रश्न अनेकांना पडतो. भिंतीवरच्या किंवा सोफ्यावरच्या लोकरी कापडाबाबत तो पडत नाही. चुर्रो मेंढीची लोकर लांब धाग्याची आणि टिकाऊ असते, घोंगडी वापरलेल्या हाताला तिचा राकटपणा ओळखीचा वाटेल. तिथला विणकर पायडीच्या मागावर उभा राहून विणतो. ताणा शेवटी कापावा लागतो, त्यामुळे टोकांना दशा राहतात. नावाहो या तिथल्या मूळ अमेरिकी जमातीचे विणकर उभ्या मागावर सलग ताण्याने विणतात, त्यांच्या जुन्या धाटणीच्या कामाला दशा नसतात. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेली असतात, तेव्हा आधी कड बघा.

मात्र घरात आधीच हातमागाचं भरपूर असेल, तर विणकाम सोडून द्या आणि आजच्या कलाकाराची छोटी लाकडी वस्तू घ्या. आपल्याकडे तसं काही मिळत नाही.

आणि लाल रंग दिसला तर तो कशाचा, हे विचारायला संकोच करू नका. ‘कोचिनिया’ असं उत्तर आलं, तर तो निवडुंगावरच्या किड्यापासून काढलेला आहे. आपला ‘किरमिजी’ हा शब्दही अशाच एका रंगकिड्याच्या नावावरून आलेला आहे.