गुजरी महाल संग्रहालय, ग्वाल्हेर: आधी पवाया आणि बाघ, मग बाकीचं

पाहुण्यांना किल्ला दाखवताना आपण गाडी उरवाई दरवाज्याने वर नेतो आणि गुजरी महाल हमखास राहून जातो. तो पायथ्याशी, ग्वाल्हेर दरवाज्याच्या आत आहे. तिथून वरची चढण पायीच चढावी लागते, म्हणून आधी संग्रहालय, मग किल्ला. सोमवारी बंद असतं.

ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर (१४८६–१५१६) याने आपली राणी मृगनयनी हिच्यासाठी बांधलेला हा महाल. मधे चौक, भोवती लहान खोल्या. त्या राहण्यासाठी बांधलेल्या, त्यामुळे आत उजेड कमी. मोबाईलचा दिवा मूर्तीवर समोरून धरू नका, कोरीवकाम सपाट दिसतं. बाजूने तिरपा उजेड पडला की दगड बोलू लागतो.

सर्वाधिक वेळ पवायाच्या तोरणपट्टीला, म्हणजे तोरणद्वारावरच्या कोरीव आडव्या दगडाला द्या. पवाया म्हणजे जुनी पद्मावती, पट्टी गुप्तकाळातली. मधे नर्तकी आणि भोवती वाजवणाऱ्या सगळ्या बायकाच! दोन तंतुवाद्यं शोधा: एक धनुष्यासारखं वाकलेलं, दुसरं दांडीचं. वाकलेली वीणा पुढे आपल्या संगीतातून नाहीशी झाली. गाण्याच्या या गावात ही पट्टी प्रत्येक गुरूने शिष्यांना आणून दाखवावी. त्याच तोरणावर बळीचा यज्ञ आणि त्रिविक्रमही आहे.

नंतर बाघच्या चित्रांच्या प्रतिकृती. बाघची लेणी म्हणजे बौद्ध भिक्षूंचे विहार. तिथला वालुकाश्म ठिसूळ, वरून पाणी झिरपतं, त्यामुळे मातीचा गिलावा रंगासकट सुटत गेला. १९२१ च्या सुमारास नंदलाल बोस आणि सोबतच्या चित्रकारांनी नकला केल्या, तेव्हा भिंतीवर बरंच काही शाबूत होतं. म्हणून यांना नुसत्या नकला समजू नका. फेर धरून टिपऱ्या खेळणाऱ्या बायका नीट पाहा.

ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे झाडाखाली उभ्या तरुणीची मूर्ती, कुलूपबंद असते. आत शिरल्याबरोबर कर्मचाऱ्यांना विनंती करा, निघताना नको. हात-पाय तुटलेत, तरी कमरेचा बाक आणि केसांची गुंफण पाहून माणूस हलत नाही.

बेसनगरचं मकरशीर्ष, म्हणजे मगरीसारख्या प्राण्याचं खांबावरचं शीर्ष, इथे आहे. हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने बेसनगरलाच उभारलेला खांब मात्र विदिशेजवळ जागच्या जागी उभा आहे, तो इथे शोधू नका.

हा संग्रह उभा केला तो शिंदे संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे नाव ठाऊक असायला हवं. दोन तास काढूनच या.