मेटामास्कमध्ये नवीन नेटवर्क अ‍ॅड करणं: सोळा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

डिसेंबर २०२३ मध्ये मेटामास्क हे क्रिप्टो वॉलेट टाकलं तेव्हा डोक्यात एवढंच होतं की सॉलिडिटी (इथेरियमवरचे प्रोग्राम लिहायची भाषा) शिकायची आणि टेस्टनेटवर (सरावाच्या, खरे पैसे नसलेल्या नेटवर्कवर) खेळत बसायचं, खरे पैसे टाकायचा विचारसुद्धा नव्हता. आज वॉलेटात इथेरियम सोडून पाच नेटवर्क (म्हणजे वेगवेगळ्या ब्लॉकचेन, थोडक्यात चेन) आहेत, थोडेफार खरे पैसे आहेत, आणि या सोळा महिन्यांत सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं असेल तर ते "अ‍ॅड नेटवर्क" या एका बटणाने. म्हणून फक्त त्याबद्दलच लिहितोय.

एक गोष्ट मला सुरुवातीला कोणी नीट सांगितली नाही. नेटवर्क अ‍ॅड केलं म्हणजे काही डाउनलोड होत नाही, कुठे खातं उघडत नाही, गॅस (व्यवहाराची फी) लागत नाही, आणि सीड फ्रेजचे बारा शब्द (वॉलेटची मास्टर चावी) तर अजिबातच लागत नाहीत, मागितले तर तिथूनच उठायचं. आपण वॉलेटला फक्त एवढं सांगतो की बाबा या चेनची खबर हवी असेल तर या पत्त्यावर विचार. तो पत्ता म्हणजे आरपीसी. बॅलन्स किती, गॅस किती, पाठवलेलं पोचलं का, सगळं वॉलेट त्यालाच विचारतं आणि तो सांगेल ते स्क्रीनवर दाखवतं. गावी वाटेकऱ्याला फोन करून आपण शेताची खबर घेतो ना, तसंच. तो म्हणाला पाणी दिलं की आपण धरून चालायचं की दिलं.

फॉर्ममध्ये नाव, आरपीसी, चेन आयडी, सिंबॉल (कॉइनचं छोटं नाव) आणि एक्सप्लोररची (चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटची) लिंक असे पाच रकाने असतात. पॉलिगॉनचा चेन आयडी १३७, आर्बिट्रम वनचा ४२१६१, ऑप्टिमिझमचा १०, बेसचा ८४५३, बीएनबी चेनचा ५६, हे आता मला पाढ्यांसारखे पाठ झालेत. हा आयडी नुसता शोभेचा नाही. २०१६ मध्ये इथेरियम फुटून इथेरियम क्लासिक वेगळं झालं तेव्हा एका चेनवर सही केलेलं ट्रान्झॅक्शन दुसरीकडेही चालायचं, म्हणून ईआयपी १५५ नावाची सुधारणा आली आणि सहीच्या आतच चेन आयडी जायला लागला. सेव्ह करताना मेटामास्क त्या आरपीसीला विचारतं की तुझा आयडी काय, आणि आपण लिहिलेल्याशी जुळला नाही तर पुढे जाऊ देत नाही. मला बरेच दिवस वाटायचं की झालं, एवढं जुळलं म्हणजे सेफ.

तो भ्रम आमच्या मावसभावाने उतरवला. गेल्या दिवाळीच्या आसपास रात्री साडेदहाला त्याचा फोन, "दादा, माझ्या वॉलेटला पाच हजार डॉलर आलेत, झोपलास का?" टेलिग्रामवर कोणीतरी त्याला म्हणे एअरड्रॉप (फुकट वाटलेली कॉइन) लागला सांगितलं होतं, पण नेहमीच्या नेटवर्कवर दिसणार नाही, हा फास्ट आरपीसी टाक मग दिसेल. त्याने टाकला आणि खरंच दिसायला लागले. मी म्हणलं स्क्रीनशॉट पाठव. बघतो तर चेन आयडी १३७, सिंबॉल बरोबर, नाव बरोबर, बॅलन्स पाच हजार यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं कॉइन), वॉलेटने एक चकार शब्द काढला नव्हता. मग त्याचा अ‍ॅड्रेस घेऊन मी माझ्या ब्राउझरमध्ये पॉलिगॉनस्कॅन (पॉलिगॉनचा खरा एक्सप्लोरर) उघडलं, वॉलेटमधल्या लिंकवर न जाता हाताने टाइप करून, आणि तिथे शून्य. आयुष्यात एकही ट्रान्झॅक्शन नाही त्या अ‍ॅड्रेसवर.

म्हणजे काय झालं बघा, वॉलेटने चेन आयडी तपासला पण तपासला कोणाला विचारून, तर त्याच खोट्या आरपीसीला. चोरालाच विचारलं तू चोर का, तो म्हणाला नाही. जो सर्व्हर खोटा बॅलन्स सांगतो त्याला १३७ म्हणायला काय जातंय. आणि पुढचा डाव ठरलेला होता, हे पैसे बाहेर काढायला "रिलीज फी" म्हणून आठ हजार रुपये यूपीआयने टाक. तो टाकणारच होता, फक्त लिमिट संपलं होतं म्हणून मला फोन केला, उसने मागायला! (हे त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं.)

खोटा आरपीसी काय करू शकतो आणि काय नाही यात लोक खूप घोळ घालतात म्हणून सांगतो. तो तुमची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त चावी) चोरू शकत नाही, कारण सही तुमच्या फोनमध्येच होते आणि त्याच्याकडे फक्त सही झालेलं ट्रान्झॅक्शन जातं. पण तो खोटा बॅलन्स दाखवेल, तुमचं ट्रान्झॅक्शन दाबून ठेवेल आणि नंतर सोडेल, झालं नसताना झालं म्हणेल. आणि एक्सप्लोररच्या रकान्यात खोटी साइट असली की "व्ह्यू ऑन एक्सप्लोरर" दाबल्यावर तुम्ही आपल्या पायाने त्याच्या दुकानात जाता, तिथे "वॉलेट पुन्हा कनेक्ट करा" म्हणून बारा शब्द मागतात. एवढ्या गोष्टी ऐकल्यावर या पाचव्या रकान्याकडे कोणी का बघत नाही देव जाणे.

प्रामाणिक आरपीसीलाही तुमचा आयपी आणि अ‍ॅड्रेस एकत्र दिसतो हेही धरून चाला. मेटामास्कचा डिफॉल्ट आरपीसी इन्फ्युरा या सेवेचा असतो, दोन्ही कन्सेन्सिस कंपनीचेच, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी हे प्रायव्हसी पॉलिसीत स्पष्ट लिहिलं तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती. मला त्याचं फार काही वाटत नाही, पण ज्याला वाटतं त्याने आरपीसी बदलावा, सोय आहे.

मी आता काय करतो तर पॉप्युलर नेटवर्क असेल तर वॉलेटच्या आतल्याच तयार यादीतून घेतो, हाताने काही भरतच नाही. यादीत नसेल तर त्या चेनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधून माहिती घेतो आणि चेनलिस्टवर (चेनचे आयडी आणि आरपीसी एकत्र देणारी साइट) तोच आयडी टाकून ताडून बघतो. चेनलिस्ट कामाची आहे, कुठला आरपीसी किती फास्ट आणि कुठला ब्लॉकमध्ये मागे पडलाय ते समोर दिसतं, पण ती गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही, बुकमार्क करून ठेवा. एखादी साइट स्वतःच पॉपअप काढते "या साइटला नेटवर्क अ‍ॅड करू द्यायचं का", तिथे मी आता आधी कॅन्सल दाबतो, मग त्यात लिहिलेला आरपीसी वाचतो, पटला तर परत येतो. कंटाळवाणं आहे, मान्य.

माझ्या स्वतःच्या चुका वेगळ्याच. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजचं वॉलेट फुटलं आणि लोकांचे पैसे अडकले, तेव्हा घाबरून मीही माझ्या एक्स्चेंजवरचे (दुसरं होतं, नशीब) यूएसडीसी काढून पॉलिगॉनवर आणले. वॉलेट उघडलं तर शून्य. घाम फुटला. तासाभराने कळलं की टोकन इम्पोर्ट करताना मी जुन्या ब्रिजवाल्या (इथेरियमवरून पॉलिगॉनवर आणलेल्या) यूएसडीसीचा कॉन्ट्रॅक्ट (चेनवरच्या त्या टोकनच्या प्रोग्रामचा पत्ता) टाकलाय, यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीचं नेटिव्ह यूएसडीसी पॉलिगॉनवर ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं आणि माझे पैसे त्यात होते. बरोबर कॉन्ट्रॅक्ट टाकला, दिसले. मग ते हलवायला गेलो तर गॅसच नाही! पॉलिगॉनवर गॅस त्यांच्या स्वतःच्या कॉइनमध्ये लागतो, यूएसडीसी कितीही असू दे. म्हणजे खिशात पाचशेची नोट आणि एसटीच्या कंडक्टरला सुट्टे हवेत. शेवटी एका मित्राने वीसेक रुपयांचे कॉइन पाठवले, त्यातले अजून शिल्लक आहेत. आर्बिट्रम, बेस, ऑप्टिमिझमवर गॅस ईटीएचमध्ये (इथेरियमच्या कॉइनमध्ये) लागतो पण तो त्या त्या चेनवरचा ईटीएच असावा लागतो, मेननेटवरचा (मुख्य इथेरियमवरचा) तिथे चालत नाही. आता मी कुठेही आधी चिल्लर पाठवतो, ती खऱ्या एक्सप्लोररवर दिसली की परत थोडी बाहेर काढून बघतो, मगच मोठी रक्कम.

उलट बाजूने एक दिलासा पण आहे. या सगळ्या इथेरियमछाप चेनवर तुमचा अ‍ॅड्रेस एकच असतो, त्यामुळे पॉलिगॉनऐवजी चुकून बीएनबी चेनवर आले तर पैसे गेले म्हणून रडायचं नाही, ते नेटवर्क अ‍ॅड करा, टोकन इम्पोर्ट करा, दिसतील. नेटवर्क डिलीट केलं तरी पैसे कुठे जात नाहीत, फक्त खिडकी बंद होते. हे फक्त तुमच्या स्वतःच्या वॉलेटबद्दल बरं का, एक्स्चेंजच्या अ‍ॅड्रेसवर चुकीच्या नेटवर्कने पाठवलं तर मग एक्स्चेंजकडे तक्रारीचं तिकीट टाका आणि वाट बघत बसा.

अजून एक, एकदा भरलेली माहिती जुनी होते. ४ सप्टेंबर २०२४ ला पॉलिगॉनच्या मॅटिक या कॉइनचं पीओएल झालं, पॉलिगॉनवरचा गॅस कॉइन आपोआप बदलला, पण मी हाताने अ‍ॅड केलेल्या एंट्रीत सिंबॉल कितीतरी दिवस मॅटिकच दिसत होता आणि मी पीओएल कुठून आणायचा ते शोधत बसलो होतो, हातातच होता. एडिट करून सिंबॉल बदलला, विषय संपला.

मावसभावाचा तो खोटा आरपीसी मी त्याच रात्री फोनवर एकेक स्टेप सांगून काढायला लावला. काढल्यावर पाच हजारांचं शून्य झालं तर तो मलाच म्हणतो, "दादा, तू घालवलेस." अजून मधूनमधून ऐकवतो.

आणि माझ्या यादीत तळाला एक मेलेलं नेटवर्क अजून पडलंय. पॉलिगॉनच्या जुन्या टेस्टनेटचं नाव मुंबई होतं, आयडी ८०००१, सॉलिडिटी शिकताना माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट तिथेच टाकलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं, त्याच्या जागी अमोय आलं, ८०००२. मुंबईवर टॅप केलं की नुसतं चाक फिरत राहतं. काढून टाकायला दोन सेकंद लागतील, पण नाही काढलं.